पाच सामन्यांची खिडकी: इंग्लिश फुटबॉलमधला ‘फॉर्म’ आणि त्यावरून होणारी खेचाखेची

२५ ऑगस्ट २०२५ च्या सामन्यात न्यूकॅसलच्या मैदानावर लिव्हरपूलला २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागणार, असे जवळजवळ ठरले होते. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून अडीच वाजत आले होते. नव्वद मिनिटांनंतर मिळणाऱ्या इंज्युरी टाइमचे दहावे मिनिट चालू असताना रिओ एन्गुमोहा या सोळा वर्षांच्या मुलाने चेंडू जाळ्यात धाडला आणि लिव्हरपूलने सामना ३-२ असा जिंकला. त्याआधी बोर्नमथविरुद्ध ८८व्या मिनिटाला आघाडी मिळाली होती. पुढे आर्सेनलविरुद्ध ८३व्या मिनिटाची फ्री किक आणि बर्नलीविरुद्ध ९५व्या मिनिटाची पेनल्टी कामी आली. एव्हर्टनलाही २-१ असे हरवून गतविजेत्यांनी पाचपैकी पाच सामने जिंकले, तेव्हा त्यांचे चाहते इतरांना सांगत होते की यंदाची लीग आत्ताच संपली आहे.

त्यानंतर क्रिस्टल पॅलेसने ९७व्या मिनिटाला, चेल्सीने ९५व्या मिनिटाला आणि मँचेस्टर युनायटेडने खुद्द लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ८४व्या मिनिटाला गोल करून याच संघाला लागोपाठ हरवले. ब्रेंटफर्डने चौथा पराभव पदरात घातला. युनायटेडचे चाहते जानेवारी २०१६ नंतर प्रथमच अ‍ॅनफिल्डवरचा लीग सामना जिंकून परतत होते. ऑगस्टमध्ये निमूट ऐकून घेतलेले एकेक वाक्य त्यांनी व्याजासह परत केले.

ज्या घरात एखादा भाचा किंवा पुतणी शनिवारी रात्री टीव्हीसमोरून हलत नाही, तिथल्या वडीलधाऱ्यांना हा सगळा प्रकार कोड्यात टाकतो. पाच आठवड्यांत एखादा संघ खरोखरच इतका बिघडतो का? बिघडत नसेल, तर ही मुले एकमेकांना इतके का डिवचतात? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले उत्तर हाती आले की दुसरे आपोआप उलगडू लागते.

### फॉर्म म्हणजे नेमके काय?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदा स्वतःच्या आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळतो, म्हणजे हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला ३८ सामने येतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. मे महिन्यात ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता, आणि तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. अंतिम सामना नावाची गोष्टच या स्पर्धेत नाही, त्यामुळे ऑगस्टमधला एक गुण मे महिन्यातल्या एका गुणाइतकाच मोलाचा असतो.

गुणतक्त्यात संघाच्या नावासमोर शेवटी पाच छोटी चिन्हे असतात. गेल्या पाच सामन्यांतले विजय, बरोबरी आणि पराभव त्यांत दाखवलेले असतात. बोलीभाषेत ‘फॉर्म’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. खेचाखेचीचा बहुतांश दारूगोळा या पाच चिन्हांत भरलेला असतो, आणि माझे म्हणणे असे आहे की संघाची ताकद जोखण्याचे साधन म्हणून ही पाच चिन्हे फार कच्ची आहेत. पाच सामने ही एक अरुंद खिडकी आहे. तिच्यातून दिसते ते खरे असते, पण घरासमोरचा सगळा रस्ता तिच्यातून दिसत नाही.

जुलैच्या मध्यावर आठ दिवसांची उघडीप पडली, तर कोणताही अनुभवी शेतकरी त्या आठ दिवसांवरून वर्षाच्या पावसाचा निकाल देत नाही. त्याला काळजी वाटते, तो आभाळाकडे बघत राहतो, पण हिशेब मात्र तो जून ते सप्टेंबर असाच धरतो. फुटबॉलचा चाहता उघडिपीच्या तिसऱ्याच दिवशी दुष्काळ जाहीर करतो, तोही शेजाऱ्याच्या शेतावर.

### क्रिकेट पाहणाऱ्याला हे का खटकते?

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे आहोत. एकदिवसीय सामन्यात दोन्ही संघ मिळून पाचशे धावा सहज करतात. एखाद्या फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू स्लिपच्या डोक्यावरून सीमापार गेला, तर त्या चार धावांनी निकाल सहसा फिरत नाही, कारण उरलेल्या शेकडो धावांत ते नशीब विरघळून जाते. फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. तिथे बचावपटूच्या पायाला लागून दिशा बदललेला एक चेंडू म्हणजे एकट्याने पार पाडलेली शतकी भागीदारी. ज्या खेळात मोजमापाचे एकक इतके मोठे आणि इतके विरळ असते, त्या खेळात एका सामन्याच्या निकालावर योगायोगाचा वाटा मोठा असणे अपरिहार्य आहे.

हा वाटा किती मोठा असतो हे पाहण्यासाठी लुडोचा फासा घ्या. एक किंवा दोन पडले तर विजय, तीन किंवा चार पडले तर बरोबरी, पाच किंवा सहा पडले तर पराभव असे ठरवा आणि फासा ३८ वेळा टाका. हा तुमचा गुणतक्त्याच्या मध्यावरचा संघ. त्याला दुखापत होत नाही, त्याचा आत्मविश्वास खचत नाही, ड्रेसिंग रूममध्ये त्याची भांडणे होत नाहीत. ऑगस्टपासून मेपर्यंत तो तसूभरही बदलत नाही. तरीही हिशेब मांडला तर असे दिसते की सुमारे दर चार हंगामांपैकी एका हंगामात हा फासा कधी तरी लागोपाठ चार किंवा त्याहून जास्त सामने हरतो, आणि चारपैकी जवळपास तीन हंगामांत त्याच्या वाट्याला सहा किंवा अधिक सामन्यांचा असा टप्पा येतो ज्यात एकही विजय नसतो.

सहा सामने विजय नाही, म्हणजे इंग्लंडमध्ये एव्हाना मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, हकालपट्टीची गाणी सुरू झालेली असतात, वर्तमानपत्रांत संभाव्य वारसदारांची नावे येऊ लागलेली असतात आणि प्रतिस्पर्धी क्लबच्या चाहत्यांना आठवड्याची करमणूक मिळालेली असते. इथे तर तो साधा फासा होता.

### मग सगळे नशीबच का?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. योगायोग लहान खिडकीत मोठा दिसतो आणि मोठ्या खिडकीत लहान होत जातो. ३८ सामने संपेपर्यंत सुदैवाचे आणि दुर्दैवाचे बरेचसे धक्के एकमेकांना छेद देतात, म्हणूनच मँचेस्टर सिटीने २०१७-१८ मध्ये मिळवलेले १०० गुण कुणाच्या कृपेने मिळालेले नव्हते आणि डर्बी काउंटी २००७-०८ मध्ये अवघ्या ११ गुणांवर थांबली ती नशीब रुसले म्हणून नव्हे.

खऱ्या कारणांमुळे होणारी घसरणही असते. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीचा मध्यरक्षक रॉड्री गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला. आपल्या बचावाच्या पुढे उभा राहून खेळाचा वेग राखणारा तो खेळाडू होता आणि त्याच्या जागी तसा दुसरा कुणी नव्हता. ३० ऑक्टोबरपासून पुढच्या पाच सामन्यांत, सगळ्या स्पर्धा मिळून, सिटी पाचही वेळा हरली. २०२५ च्या लिव्हरपूलबाबतही केवळ फाशाचा हिशेब सांगणे अन्यायाचे होईल. उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च करून संघ मोठ्या प्रमाणात नव्याने बांधला गेला होता, आणि त्याहून कितीतरी मोठी गोष्ट म्हणजे जुलैमध्ये त्यांचा आघाडीपटू दियोगो जोटा मोटार अपघातात गेला होता. ज्याच्या शेजारी बसून बूट बांधले तो माणूस अचानक नाहीसा झाल्यावर त्या संघाने कसे खेळावे, हे गुणतक्त्यातली पाच चिन्हे सांगू शकत नाहीत.

मग खरी घसरण आणि नुसती उघडीप यांत फरक कसा करायचा? त्यासाठी एक पारिभाषिक शब्द कामाला येतो, ‘अपेक्षित गोल’. कल्पना साधी आहे. आजवर लाखो फटक्यांची नोंद झालेली आहे. त्यांवरून प्रत्येक नव्या फटक्याला एक किंमत दिली जाते: अशा जागेवरून, अशा कोनातून मारलेले फटके शंभरात किती वेळा गोल ठरले? पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर येते, कारण चारपैकी तीनांहून थोड्या जास्त पेनल्टी जाळ्यात जातात. पेनल्टी क्षेत्राच्या बऱ्याच बाहेरून मारलेल्या फटक्याची किंमत शंभरात तीन-चार इतकीच असते. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या संघाचे अपेक्षित गोल. सोपा झेल सुटल्यामुळे ऐंशी धावा करणारा फलंदाज आणि बिनचूक खेळून तीसवर धावबाद झालेला फलंदाज यांत पुढच्या सामन्यासाठी कुणावर भरवसा ठेवावा, हे धावफलक सांगत नाही. ते सांगण्याचा हा एक प्रयत्न आहे.

यावर जुने चाहते म्हणतात की गुण अपेक्षित गोलांना मिळत नाहीत, खऱ्या गोलांना मिळतात. ते बरोबरच आहे. झालेला निकाल कुणी पुसून टाकत नाही. पण प्रश्न ‘काय झाले’ हा असेल तर गोल पाहावेत आणि ‘पुढे काय होईल’ हा असेल तर संधी पाहाव्यात, कारण सामन्यात संधी गोलांपेक्षा कितीतरी जास्त असतात आणि जास्त नोंदींवरून बांधलेला अंदाज कमी डळमळतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या विजयांकडे या नजरेने पाहणाऱ्यांना तेव्हाच दिसत होते की हे विजय काठावरचे आहेत आणि काठ कोणत्याही बाजूला कलू शकतो. शेवटची मिनिटे आधी त्यांच्या बाजूने पडली, नंतर विरुद्ध पडली. संघ जितका वाटला तितका आधी चांगला नव्हता, आणि जितका म्हटला गेला तितका नंतर वाईटही नव्हता.

### मॅनेजर बदलला की संघ सुधारतो, त्याचे काय?

आपल्याकडे सर्दीबद्दल म्हणतात की औषध घेतले तर ती सात दिवसांत जाते आणि न घेतले तर आठवड्याने. मॅनेजर सहसा संघ अगदी तळाला गेल्यावरच काढला जातो, आणि तळाला गेलेली गोष्ट आपल्या नेहमीच्या पातळीकडे सरकू लागण्याचीच शक्यता जास्त असते. आकडेशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. नव्या माणसाच्या पहिल्या महिन्यातल्या विजयांचे श्रेय म्हणूनच जपून द्यावे लागते. नेदरलँड्समधल्या लीगचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनाही असे आढळले होते की तितकीच घसरण झालेले पण मॅनेजर न बदललेले क्लब जवळपास तसेच सावरतात.

१ डिसेंबर २०२४ ची अ‍ॅनफिल्डवरची संध्याकाळ या संदर्भात विसरता येत नाही. सिटी २-० अशी मागे होती, सात सामन्यांत तिला एकही विजय मिळालेला नव्हता, आणि लिव्हरपूलचे स्टँडच्या स्टँड सिटीचा मॅनेजर पेप ग्वार्डिओलाला उद्देशून गात होते की उद्या सकाळी तुझी नोकरी जाणार. पराभूत संघाच्या मॅनेजरला ऐकवायचे हे इंग्लंडमधले ठरलेले गाणे आहे. ग्वार्डिओलाने हसत हसत हात वर केले आणि सहा बोटे दाखवली. प्रत्येक बोट म्हणजे सिटीसोबत जिंकलेली एक प्रीमियर लीग. गाणाऱ्यांनी सात सामन्यांची खिडकी उघडली होती आणि त्याने आठ वर्षांची. दोघेही खरेच बोलत होते. त्या हंगामाअखेर सिटी ७१ गुणांसह तिसरी आली, लिव्हरपूल ८४ गुणांसह विजेते ठरले, आणि ग्वार्डिओलाची नोकरी गेली नाही.

### खेचाखेची म्हणजे खिडकी निवडण्याचा खेळ

ती सहा बोटे आणि ते गाणे मिळून इंग्लिश फुटबॉलमधल्या सगळ्या चिडवाचिडवीचे गुपित सांगतात. चाहता खोटे बोलत नाही. ज्या कालखंडात आपले घर उजळ आणि शेजाऱ्याचे काळवंडलेले दिसते तेवढाच कालखंड तो निवडतो. फॉर्म चांगला असेल तर पाच सामने, तो बिघडला तर या हंगामाचे गुण, तेही नसतील तर दहा वर्षांतल्या ट्रॉफ्या, आणि काहीच हाताशी नसेल तर आजोबांच्या काळातला इतिहास.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर ही दोन शहरे एकमेकांपासून पन्नासेक किलोमीटरवर आहेत. त्यांची चुरस फुटबॉलच्याही आधी व्यापारातून उभी राहिली. लिव्हरपूलच्या बंदराला टाळून जहाजे थेट आपल्या दारी यावीत म्हणून मँचेस्टरने कालवा खणला आणि तो १८९४ मध्ये खुला झाला. युनायटेड आणि सिटी या दोन्ही क्लबांच्या बोधचिन्हांवर समुद्रापासून दूरच्या या शहरात जहाज का आहे, याचे उत्तर त्या कालव्याशी जाऊन मिळते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा इंग्लंडच्या अव्वल लीगची विजेतेपदे लिव्हरपूलकडे १८ आणि युनायटेडकडे ७ होती. लिव्हरपूलचा चाहता त्यामुळे नव्वदच्या दशकात हरतानाही निर्धास्त होता, कारण त्याची खिडकी शंभर वर्षांची होती. त्यानंतरच्या २१ हंगामांत युनायटेडने १३ विजेतेपदे मिळवली आणि ती खिडकीच त्याच्या हातून काढून घेतली. मग युनायटेड घसरले, लिव्हरपूलने २०२० मध्ये तीस वर्षांनी लीग जिंकली आणि एप्रिल २०२५ मध्ये विसावे विजेतेपद मिळवून बरोबरी साधली. सात विरुद्ध अठरा अशी सुरू झालेली मोजणी वीस-वीस वर येण्यात तीन पिढ्यांचे टोमणे खर्ची पडले.

मँचेस्टर शहराच्या आतली गोष्ट याहून बोलकी आहे. सिटीने १९७६ मध्ये लीग कप ही बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली आणि नंतर तिच्या हाती काहीच लागेना. युनायटेडच्या चाहत्यांनी आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एंड या बाजूला एक फलक टांगला. सिटीला शेवटची ट्रॉफी मिळून किती वर्षे झाली तो आकडा त्यावर असे, आणि दरवर्षी तो एकाने वाढवला जाई. घरात मुलाची उंची भिंतीवर रेघ मारून मोजतात, तशा निष्ठेने हा आकडा बदलला जात होता. बत्तीस, तेहतीस, चौतीस. १४ मे २०११ रोजी तो ३५ वर होता. त्या दिवशी युनायटेडने ब्लॅकबर्नच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून एकोणिसावे विजेतेपद पक्के केले आणि लिव्हरपूलला प्रथमच मागे टाकले. त्यांच्या दृष्टीने आयुष्यभर जपावा असा दिवस. त्याच दिवशी लंडनमध्ये याया टूरेच्या गोलने सिटीने स्टोकला १-० असे हरवून एफए कप ही दुसरी बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. फलक उतरवावा लागला. त्यानंतर एका वर्षाच्या आत सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ६-१ असे हरवले, आणि १३ मे २०१२ रोजी दोघांचे गुण ८९-८९ असे समान असताना सर्जिओ अग्वेरोच्या अगदी शेवटच्या क्षणातल्या गोलमुळे, केवळ जास्त गोलफरकावर (केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल), लीगही जिंकली.

उत्तर लंडनमध्ये या खेळाला सणाचे रूप आले आहे. आर्सेनल १९१३ मध्ये थेम्सच्या दक्षिणेकडच्या वूलिचहून उठून टॉटनहॅमच्या शेजारी हायबरीला आला, आणि ते बिऱ्हाड टॉटनहॅमवाल्यांनी आजतागायत माफ केलेले नाही. हंगामात ज्या दिवशी टॉटनहॅम गणिताने आर्सेनलच्या वर जाऊ शकत नाही हे पक्के होते, त्या दिवसाला आर्सेनलच्या चाहत्यांनी एका काल्पनिक संताचे नाव दिले आहे: सेंट टॉटरिंगहॅम डे. १९९६ पासून २०१६ पर्यंत तो दर हंगामात आला. २०१६ मध्ये तो येणार नाही अशीच चिन्हे होती. शेवटच्या दिवशी टॉटनहॅम पुढे होता आणि त्याचा सामना आधीच खालच्या श्रेणीत गेलेल्या न्यूकॅसलशी होता. टॉटनहॅम ५-१ असा हरला, आर्सेनल ७१ विरुद्ध ७० गुणांनी वर राहिला. पाच सामन्यांच्या खिडकीतून बघणाऱ्या एकाही माणसाने हा निकाल सांगितला नसता.

आणि मे २०२५ मध्ये तर दोन खिडक्या एकाच घराच्या असूनही एकमेकींना खोटे पाडत होत्या. टॉटनहॅम त्या हंगामात लीगमधले २२ सामने हरून सतराव्या क्रमांकावर राहिला, आणि त्याच टॉटनहॅमने बिल्बाओ इथे पंधराव्या क्रमांकाच्या युनायटेडला १-० असे हरवून युरोपा लीग ही युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा जिंकली, २००८ नंतरची आपली पहिली ट्रॉफी. त्या आठवड्यात टॉटनहॅमच्या चाहत्याला चिडवायचे की त्याचे अभिनंदन करायचे, हे कोणती खिडकी उघडता यावर अवलंबून होते. माझ्या मते अभिनंदनच योग्य होते. सतरा वर्षे वाट पाहणाऱ्याला त्याची रात्र पूर्ण मिळायला हवी.

### जी घसरण कोणत्याही खिडकीतून दिसते

मघाशी ज्या ब्लॅकबर्नच्या मैदानाचा उल्लेख आला, त्या क्लबचे पुण्याशी थेट नाते आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने हा क्लब विकत घेतला. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता, लँकशायरमधल्या जुन्या गिरणी-गावाचा क्लब. खरेदीनंतर महिन्याभरातच मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाईस यांना दूर करण्यात आले, तेव्हा संघ तेराव्या क्रमांकावर होता. तो हंगाम पंधराव्या क्रमांकावर संपला, पुढच्या वर्षी एकोणिसाव्या क्रमांकामुळे पदावनती झाली, आणि २०१७ मध्ये क्लब आणखी एक श्रेणी खाली गेला, जिथून तो पुढच्याच वर्षी वर आला. मे २०१२ मध्ये पदावनती ठरवणाऱ्या सामन्यात निषेध म्हणून कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. मालकांचा व्यवसाय कुक्कुटपालनाचा, म्हणून कोंबडी.

हे उदाहरण मी देतो ते फरक स्पष्ट व्हावा म्हणून. पाच सामन्यांची खिडकी, एका हंगामाची खिडकी, पाच वर्षांची खिडकी, या तिन्हींमधून उतारच दिसत असेल तेव्हा त्याला फॉर्म म्हणून चालत नाही. तिथे खेळाडूंची खरेदी, पगाराचा बोजा, निर्णय घेणारी माणसे असे प्रश्न विचारावे लागतात. ब्लॅकबर्नच्या चाहत्यांनी ते तेव्हा विचारले, आणि दूरच्या लोकांना ती कोंबडी तेवढी आठवते.

### आपला याच्याशी काय संबंध?

असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मुंबई-पुण्यातला किंवा मडगावचा मुलगा कधी अ‍ॅनफिल्डला गेलेला नसतो, मग त्याने लिव्हरपूलच्या पराभवासाठी जेवण का टाकावे? मला हा प्रश्न थोडा अन्यायाचा वाटतो. आपुलकी अंतराने मोजली जात नाही. वारीला न गेलेला माणूसही दिंडी निघाल्याची बातमी मन लावून वाचतो. शिवाय खेचाखेची हे इथे मैत्रीचे चलन आहे. नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेलेल्या मित्राशी सहा महिने बोलणे होत नाही, पण त्याचा संघ हरला की रात्री साडेदहाला त्याला एक ओळ जाते आणि त्याचे उत्तर येते. ती ओळ संघाबद्दल असते, आणि तू आहेस ना, अशी विचारणाही तिच्यात असते.

फक्त एक पथ्य सांगावेसे वाटते, कारण दुरून पाहणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि नकळत पायमल्ली होते.

### जिथे खेचाखेची थांबते

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडच्या संघाला घेऊन निघालेले विमान कोसळले आणि २३ माणसे गेली, त्यांत आठ खेळाडू होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते गर्दीत चिरडले गेले. त्या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज ९७ आहे. दोष चाहत्यांचाच होता असे अनेक वर्षे सांगितले गेले, आणि २०१६ मध्ये चौकशीतल्या ज्यूरीने ती माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली असा निर्णय देत चाहत्यांना दोषमुक्त केले. इंग्लंडमधल्या काही स्टँडमध्ये या मृत्यूंवरून प्रतिस्पर्ध्याला डिवचणारी गाणी गायली गेली आहेत. मार्च २०२३ मध्ये युनायटेड-लिव्हरपूल सामन्याआधी दोन्ही मॅनेजरांनी, एरिक टेन हाग आणि युर्गन क्लॉप यांनी, एकत्र निवेदन काढून ती थांबवण्याचे आवाहन केले.

अशा गाण्यांचे समर्थन करताना ‘हीसुद्धा खेचाखेचीच’ असे म्हटले जाते. ते मान्य करता येत नाही. खेचाखेचीत खिडकी बदलता येते. आज मी तुम्हाला चिडवले तर उद्या तुमचा संघ जिंकतो आणि तुम्ही मला चिडवता. या उलट-पालटीमुळेच ती सोसवते. जो घरी परतलाच नाही त्याच्या आईला कोणता निकाल परतफेड करणार?

हिल्सबरोबाबतचा स्वतंत्र चौकशी मंडळाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि त्यानंतर अ‍ॅनफिल्डवरचा पहिला लीग सामना नेमका युनायटेडशी पडला. तारीख होती २३ सप्टेंबर. सामन्याआधी युनायटेडचे जुने खेळाडू बॉबी चार्ल्टन मैदानात आले. म्युनिकच्या त्या विमानातून ते वाचले होते, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांनी हिल्सबरोच्या मृतांसाठी आणलेला लाल गुलाबांचा गुच्छ लिव्हरपूलचा माजी खेळाडू इयान रश याच्या हाती दिला. मृतांची संख्या त्या वेळी ९६ धरली जात होती, आणि गुच्छात ९६ गुलाब होते. मग शिट्टी वाजली, नेहमीसारखा आवाज उसळला, आणि सामना युनायटेडने ८१व्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ असा जिंकला. त्या रात्री विजेतेपदांची एकोणीस विरुद्ध अठरा ही मोजणी पुन्हा जागच्या जागी आली होती.